एन.सी.वर बोळवण

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली. जुन्या दंड संहितेचं कलम ३७७ गेलं याचं आम्हाला दुःख नाही. पण २०१८च्या नवतेज जोहर निकालानंतरही संमतीविना झालेल्या कृत्यापुरतं ते शिल्लक होतं आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती, हे मसुदा करणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. नव्या संहितेतलं बलात्काराचं कलम ६३ स्त्रीपुरतं. तृतीयपंथी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला, तर उरतं २०१९च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याचं कलम १८(घ): सहा महिने ते दोन वर्षं!

खरी मेख पुढेच आहे. हा गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, हे त्या कायद्यात कुठेच नाही. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीचा दुसरा भाग लागतो: तीन वर्षांहून कमी शिक्षा, म्हणून अदखलपात्र आणि जामीनपात्र.

तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्या एका ज्युनिअर भगिनीने पाठवलेली एन.सी.ची प्रत समोर आहे. ‘शिवीगाळ व धक्काबुक्की’, बस. अशिलाने जे सांगितलं ते ठाणे अंमलदाराने लिहिलंच नाही. फाटलेल्या साडीचा पंचनामा नाही. आधारवरचं जुनं नाव मात्र दोनदा. तपासणीला स्त्रियांकडे पाठवायचं की पुरुषांकडे, यावर खल झाला आणि शेवटी पाठवलंच नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राला लवकर निर्णय घ्यायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा संसदेचा प्रांत म्हणून हात आखडता घेतला. संहितेत अजून एक ओळ वाढलेली नाही.

तोवर आपण काय करतोय? ‘त्यांच्या त्यांच्यातलं आहे, मिटवून टाका’ म्हणणारे बाररूममध्येच बसलेले असतात. वकीलपत्र घ्यायलाही का-कू करतात.

मित्रहो, नागरिक सुरक्षा संहितेचं १७४(४) वाचा. एक गुन्हा दखलपात्र असला की सबंध प्रकरण दखलपात्र. वाट अडवली? न्याय संहितेचं १२६(२). कोंडून ठेवलं? १२७(२). हत्याराने इजा केली? ११८(१). दिवसभराची कमाई मारहाण करून हिसकावली? ३०९(४). बहुतेक घटनांत यातलं काहीतरी घडलेलं असतंच. अशिलाला कुणी विचारत नाही, म्हणून फिर्यादीत येत नाही. तरी नोंद होत नसेल तर सुरक्षा संहितेच्या १७३(४)खाली अधीक्षकांना लेखी कळवा, मग प्रतिज्ञापत्रासह १७५(३). नुसतं १८च असेल तर १७४(२)खाली तपासाचा आदेश मागा.

आणि ६३चा आग्रह सोडू नका. २०१९च्या कायद्याच्या कलम ७चं, स्त्री म्हणून दिलेलं प्रमाणपत्र असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३चा निकाल जोडा. शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून ओळख निवडलेली व्यक्ती कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागू शकते, असं त्यात म्हटलंय. कायदा वेगळा आहे, सरकारी वकील तेच म्हणतील. म्हणू देत. अर्ज फेटाळला तर पुनरीक्षण आहे, पण आधी अर्ज तर पडू दे.

यातल्या कुठल्याही कलमाखाली आदेश झाला असेल, मनासारखा असो वा नसो, प्रमाणित प्रत आमच्याकडे पाठवा. फिर्यादीचं नाव-गाव काळ्या शाईने खोडून. सप्टेंबरच्या अंकात छापू.