टेबलावरचा रणगाडा

निवृत्तीनंतर चालणे, प्राणायाम आणि औषधांच्या वेळा यांची काळजी घरोघरी घेतली जाते. बोटांच्या कामाचा विचार मात्र क्वचितच होतो. अशा वाचकांसाठी एक अनपेक्षित छंद सुचवावासा वाटतो. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून छोटा रणगाडा जोडावा, त्यात आपल्या कल्पनेने बदल करावेत, तो रंगवावा आणि नातवंडांसह टेबलावरील युद्धखेळात उतरवावा.

हा खेळ केवळ मुलांचा नव्हे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली त्याच्या नियमांवर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. पुढे त्यात फासे आले. मोजपट्टीने अंतर मोजत आळीपाळीने चाल करायची, ही आजची सर्वसाधारण रीत.

आरंभासाठी १:७२ प्रमाणातील सेंच्युरियन घ्यावा. १९६५ च्या युद्धात परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर यांच्या ‘पूना हॉर्स’कडे हेच रणगाडे होते. तोफेची नळी वगळता साडेसात मीटरांहून थोडे लांब असलेले हे धूड या प्रमाणात जेमतेम साडेदहा सेंटिमीटरांचे होते. खरे रणगाडे पाहावयाचे असतील, तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयास अवश्य भेट द्यावी.

सुटे भाग सौम्य साबणाने धुऊन वाळवावेत. चिकटवण्यापूर्वी प्रत्येक भाग नुसता बसवून पाहावा. वरचा बुरूज चिकटवू नये; खेळताना तो फिरला पाहिजे. पांढऱ्या गोंदात भिजवलेल्या टिश्यू कागदाची ताडपत्री होते, जाड दोऱ्याचा ओढदोर होतो आणि नायलॉनच्या तंतूची अँटेना होते. मग अस्तर, त्यावर मूळ रंग, खाचांत पातळ गडद रंग आणि कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग द्यावा. शेवटी मंद वॉर्निश लावावे. हाताळताना रंग टिकतो.

आता प्रकृतीची पथ्ये. रंग पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक निवडावेत. प्लॅस्टिकच्या गोंदाची वाफ कोंडू नये, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. घासकाम ओल्या पॉलिशपेपरने करावे, म्हणजे धूळ उडत नाही. ब्रश तोंडात धरू नये आणि चहाचा कप रंगाच्या पाण्यापासून दूर असावा. वीस मिनिटांनी नजर दूरवर न्यावी, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर पात्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

हात थरथरत असल्यास दोन्ही मनगटे टेबलाच्या कडेवर टेकवावीत, ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून पकड जाड करावी आणि रणगाडा बाटलीच्या बुचावर तात्पुरता चिकटवून बूच हातात धरावे. काळजी घेणाऱ्यांना एक विनंती : “द्या इकडे, मी करतो,” असे म्हणण्याची घाई करू नका. तिरका बसलेला भाग पुन्हा बसवता येतो. हातातून काढून घेतलेले काम मात्र आजी-आजोबा बहुधा पुन्हा मागत नाहीत.

या कामात प्रकृतीतील काही बदलही लवकर ध्यानी येतात. एकेक डोळा झाकून पाहताना रणगाड्याची सरळ कड वाकडी किंवा लहरी दिसली, तर तो दृष्टिपटलाच्या विकाराचा इशारा असू शकतो. नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. थरथर नव्याने सुरू झाली किंवा वाढली, तर डॉक्टरांना सांगावे. एका हातातील बळ अचानक गेले, चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. “थोडे पडून पाहू,” असे म्हणण्यात मोलाचा वेळ जातो.

पहिला रणगाडा पंधरा दिवसांत पुरा झालाच पाहिजे, असे बंधन नाही. रोज अर्धा तास, उजेडाच्या वेळी, एवढे पुरेसे आहे.