पाखरू कच्चे नसते, वेळ चुकते

वाचकहो, शेतीच्या पानात कबुतरांच्या शर्यतीचे काय काम, असे काहींना वाटेल. पण चाकण-भोसरी पट्ट्यात कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, तरी गच्चीवरच्या ढाबळी काही गेल्या नाहीत. ही पाखरे आपल्याच शिवारावरून उडतात.

गेल्या मे महिन्यात एका शेतकरी मित्राच्या घरी गेलो, तर पोराची ढाबळ निम्मी रिकामी. सोलापूरहून बारा सोडली, पाच परतली. "साहेब, पाखरं कच्ची निघाली," पोरगा म्हणाला. किती वाजता सोडली, विचारले. "अकराला. टेम्पोला उशीर झाला."

गोम इथेच आहे. चांगले कबुतर शांत हवेत ताशी साठ-सत्तर किलोमीटर जाते. सोलापूर ते चाकण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी सहाला सोडले तर दहा-साडेदहाला घरी. अकराला सोडले तर दुपारी तीनला नेमके वळवाच्या तडाख्यात. काढलेला कांदा आपण आभाळ बघून झाकतो; मग पाखरू सोडताना आभाळ का बघत नाही?

जागेचेही तसेच. निकाल अंतर भागिले वेळ यावर लागतो. त्या दिवसांत पश्चिमेचा वारा असला की पूर्वेकडून येणाऱ्या पाखराच्या तो तोंडावर. कोकणातून सोडले तर सह्याद्रीचा चढ, पावसाळ्यात धुके, कड्यावर ससाणा. ससाण्याला मारणे गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवा. घराजवळ आले की उच्चदाबाच्या तारा, आणि संक्रांतीला नायलॉन मांजा. त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली, तरी तो झाडांवर लोंबतोच.

पाखरू कच्चे नसते. १९८२ च्या महापुरात ओडिशातील बांकी गावाचा संपर्क तुटला, तेव्हा पोलिसांच्या कबुतरांनीच निरोप पोचवले होते. कच्चा असतो तो आपला हिशेब.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे: पावसाळ्यात आणि संक्रांतीच्या आठवड्यात लांबची शर्यत नकोच. एप्रिल-मेमध्ये उजाडताच सोडा; उशीर झाला तर पेट्या तशाच परत आणा. पैज बुडाली तरी चालेल.

आणि शेतकरी बंधूंनो, पेरणीत औषध चोळलेले बियाणे बांधावर सांडू देऊ नका. दमलेले पाखरू ते टिपते आणि घराच्या अलीकडेच पडते.