डोंगराला भोक पाडण्याआधी डोंगरवाल्याला विचारा!

कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

आमच्या नळाखाली जी बादली लागते ती जस्ती. डोक्यावरच्या पत्र्याला मुलामा जस्ताचाच. रिक्षाच्या बॅटरीत शिसे. आणि घरच्या बाईच्या गळ्यात दोन वाट्या असल्याच तर ते सोने. हे सगळे कुठल्या डोंगरातून आले, कुणाच्या घामाने आले, हे आम्ही आजवर विचारले नाही. आता विचारले पाहिजे. कारण जस्त, शिसे आणि सोने यांच्या शोधात दूरच्या आदिवासी मुलखात जी चाल खेळली जाते, ती चाल आम्ही गिरणी कामगारांनी चांगली ओळखलेली आहे.

राजस्थानच्या दक्षिणेला अरवलीच्या डोंगरात जावर नावाचे गाव आहे. मुलूख भिल्ल-मीणा लोकांचा. जस्त हा धातू मोठा चुकार. भट्टीत तापवला की धूर होऊन उडून जातो. जावरच्या कारागिरांनी त्याला बंद मातीच्या नळीत कोंडले, नळीचे तोंड खाली ठेवले आणि धूर खाली उतरवून थंड करून जस्त धरले. विलायतेत ब्रिस्टल शहरी १७३८ साली याच कामाचे पेटंट घेतले गेले, त्याच्या कित्येक शतके आधी जावरच्या भट्ट्या पेटल्या होत्या. वापरलेल्या नळ्यांचे ढीग आजही तिथे पडले आहेत. मग आम्हाला सांगा, या मुलखाला "मागासलेला" म्हणायचे धाडस कुणाला होते?

आता अलीकडची गोष्ट ऐका. १९७७ साली भिलवाडा जिल्ह्यात आगूचा गावाजवळ जस्ताचा प्रचंड साठा सापडला. कुणाला सापडला? शेटजींना नव्हे! राजस्थान सरकारच्या खाणखात्यातल्या पगारी माणसाला. आणि त्याच्याही आधी, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, कुणी तरी तिथे खणून गेले होते, त्याच्या खुणा निघाल्या. जमिनीवर गंजासारखा तांबडा-काळा खडक दिसतो, तो खालच्या धातूची खूण असतो. तो हेरायचा, नमुने गोळा करायचे, मग यंत्राने खोल भोक पाडून दगडाच्या लांब कांड्या वर काढायच्या, पेटीत ओळीने लावायच्या, प्रयोगशाळेत तपासायच्या. अशी भोके वर्षानुवर्षे पाडावी लागतात. पुष्कळ भोकांत काहीच निघत नाही. तो सगळा खर्च कुणाचा? सरकारी तिजोरीचा, म्हणजे तुमचा-आमचा.

सरकारने १९६६ साली हिंदुस्तान झिंक ही कंपनी काढली. आगूचाची खाण तिने १९९१ साली सुरू केली. जगातल्या मोठ्या जस्त-खाणींत तिची गणना होते. म्हणजे शोध झाला, धोका सरला, यंत्रे बसली, माल निघू लागला. आणि मग? २००२ साली सरकारने २६ टक्के भाग आणि सगळा कारभार एका खाजगी कंपनीच्या हवाली केला. पुढच्या वर्षी आणखी भाग दिला. सरकारी उद्योगांतल्या अधिकाऱ्यांची संघटना कोर्टात गेली, तेव्हा २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सी.बी.आय.ला या विक्रीबद्दल रीतसर गुन्हा नोंदवून तपास करायला सांगितले. विक्रीनंतर एकोणीस वर्षांनी!

आता सोन्याकडे या. बांसवाडा जिल्ह्यात भूकिया-जगपुरा येथे सरकारच्याच भूवैज्ञानिक खात्याने सोने शोधले. हिशेब सांगतो की ११ कोटी टनांवर दगडात सुमारे २२२ टन सोने. म्हणजे एक टन दगड फोडून पीठ करायचे तेव्हा हाती दोन ग्रॅम! दोन ग्रॅम निघून जातील, पण उरलेले टनभर पीठ राहील कुठे? ते राहील भिल्लाच्या शेताशेजारी, त्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. याच जिल्ह्यात मानगडच्या टेकडीवर १७ नोव्हेंबर १९१३ रोजी गोविंद गुरूंच्या भिल्ल अनुयायांवर इंग्रजी फौजेने गोळ्या झाडल्या. या लोकांना जमिनीची किंमत कुणी शिकवायला नको.

पण कायदा काय म्हणतो पाहा. १९९६ च्या पेसा कायद्याने वाळू, मुरूम, खडी अशा गौण खनिजांच्या शोधाचा परवाना देताना ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची केली. जस्त, शिसे, सोने ही मोठी खनिजे, ती या कलमात नाहीत! खडीला विचारायचे आणि सोन्याला विचारायचे नाही, हा कुठला न्याय? २०२३ साली खाजगी कंपन्यांना सोने, शिसे, जस्त यांच्या शोधाचा नवा परवाना निघाला. त्याच साली वनकायदा बदलला आणि शोधाच्या कामाला जंगलात वाट मोकळी करायची सोय झाली. गावाला विचारायची पाळी येते ती जमीन घ्यायच्या वेळी. तेव्हा नकाशे तयार असतात, लिलाव झालेला असतो, पैसे गुंतलेले असतात. मग "नाही" म्हणणारा तो देशाचा शत्रू!

कुणी म्हणेल, जिल्हा खनिज निधी आहे ना? आहे. २०१५ च्या कायद्याने तो आला आणि तो पैसा गावाला मिळालाच पाहिजे. पण निधी मिळतो खाण लागल्यावर. आम्ही बोलतोय खाण लागण्याआधीच्या शब्दाबद्दल.

बंधूंनो, मुंबईचे आठवा. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. पुढे एकेक गिरणी थंड झाली. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे लिहिले होते: मालक, शहराचे मैदान, गरिबाचे घर. २००१ साली नियम फिरवला आणि वाटा उरला फक्त मोकळ्या जागेपुरता. आमच्या बापांनी ज्या जमिनीवर आयुष्य घातले तिचा सौदा झाला तेव्हा त्यांना कुणी विचारले? भिल्लाला आज तेच सोसायला लावताहेत.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. आम्ही यंत्रावरच जगतो. खाण नको असेही आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो:

१. मोठ्या खनिजाच्या शोधालाही ग्रामसभेची संमती घ्या, आणि ती पहिल्या भोकाआधी घ्या.

२. सगळे कागद गावाच्या बोलीत, वागडीत, भिलीत, मोठ्याने वाचून दाखवा. जो कागद कळला नाही त्यावरचा अंगठा आम्ही मानत नाही!

३. जनतेच्या पैशाने सापडलेला साठा जनतेच्याच मालकीचा राहिला पाहिजे.

४. भोके पाडणाऱ्या, पेट्या वाहणाऱ्या मजुरांना कायम नोकरी आणि धुळीपासून रक्षण द्या.

आपल्या भाषेचा, आपल्या भूमीचा हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा तोच हक्क ओळखला नाही, तर त्याच्या घोषणेला अर्थ काय? गिरणीच्या फाटकावर हे वाचा, पाळी सुटल्यावर दुसऱ्याला वाचून दाखवा.

राबणाऱ्याची भूमी, राबणाऱ्याचा शब्द!
कामगार-आदिवासी एकजुटीचा विजय असो!