रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, मग पुढे?

कच्च्या चिकनचा २५ ग्रॅमचा नमुना २२५ मिलीलिटर पोषक द्रावणात घालतात, पिशवी घुसळतात आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. थंडीने, धुण्याने अर्धमेले झालेले जंतू आधी जरा सावरावेत, एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी इतर जंतूंना न मानवणाऱ्या पण साल्मोनेला तग धरील अशा द्रावणात ते हलवायचे, तिसऱ्या दिवशी लाल माध्यमाच्या थाळीवर रेघोट्या ओढायच्या. साल्मोनेला असेल तर मधोमध काळा ठिपका असलेल्या वसाहती उगवतात. खात्री करून सहीचा रिपोर्ट हाती येईपर्यंत पाच दिवस सहज जातात. पीसीआर केलं तर पहिला अंदाज एक-दोन दिवसांत मिळतो. जगभर ही पद्धत थोड्याफार फरकाने अशीच आहे. फरक पडतो तो रिपोर्टनंतर. त्या मालाचं काय करायचं, आणि तो पाठवणाऱ्याचं काय, हे ज्या देशाने आधी ठरवलं नाही, त्याने कितीही लॅब उभारल्या तरी हाती फायलीच लागतात, असं माझं मत आहे.

याचा पुरावा एकाच देशाच्या दोन वागण्यांत सापडतो. १९९३च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीचे अर्धकच्चे हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. कारण होता ई. कोलाय ओ१५७:एच७, लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी करू शकणारा जंतू. तोवर कच्च्या खिम्यात तो सापडणं हा गुन्हा नव्हता. शिजवणाऱ्याने बघून घ्यावं, असा सरकारी पवित्रा होता. १९९४मध्ये तिथल्या कृषी खात्याच्या मांस तपासणी विभागाचे प्रमुख मायकेल टेलर यांनी जाहीर केलं, की हा जंतू सापडलेला बीफचा खिमा कायद्याने भेसळयुक्त मानला जाईल. उद्योग कोर्टात गेला आणि हरला. पुढे, २०१३पासून, सरकारी नमुन्याचा निकाल येईपर्यंत माल बाजारात सोडायचा नाही, असंही बंधन आलं. त्याच्या कितीतरी आधी कारखान्यांनी जनावराच्या कातडीची धुलाई, धडावर वाफेचा मारा, लॅक्टिक आम्लाचे फवारे असे उपाय अंगीकारले, स्वतःच्या तपासण्या वाढवल्या. २००२ साली सरकारी नमुन्यांत पाऊण टक्क्याच्या आसपास असलेलं या जंतूचं प्रमाण दोनच वर्षांत पाव टक्क्याच्या खाली आलं. धंद्याला अचानक कळवळा आला, असं मानण्याचं कारण नाही. एका पॉझिटिव्ह रिपोर्टमागे ट्रकभर माल बाद होऊ लागला, हे कारण पुरेसं आहे.

त्याच खात्यात, त्याच लॅबमध्ये चिकनवर साल्मोनेला सापडला तर मात्र चिकन बिनदिक्कत विकता येतं. याची मुळं १९७४च्या एका निकालात आहेत. कच्च्या मांसावर जंतूंबद्दल इशारा छापावा, अशी मागणी अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने केली होती. कोर्टाने ती फेटाळली. गृहिणी काही अडाणी नसतात, नीट शिजवतात, असा त्यातला युक्तिवाद होता. (स्त्रियांचा असा गौरव कारखानदारांच्या एवढ्या कामी क्वचितच आला असेल.) १९९६च्या नियमांनी साल्मोनेलाची मर्यादा घातली खरी, पण टेक्सासच्या सुप्रीम बीफ या कारखान्याचे नमुने पुन्हा पुन्हा नापास झाल्यावर खात्याने तो बंद करायला घेतला, तेव्हा २००१मध्ये अपील कोर्टाने खात्याचे हात बांधले: साल्मोनेला शिजवल्यावर मरतो, म्हणून निव्वळ तेवढ्यावरून कारखान्याला टाळं ठोकता येणार नाही. मार्च २०१३ ते जुलै २०१४ या काळात फॉस्टर फार्म्सच्या चिकनशी जोडलेल्या साथीत ६३४ रुग्णांची नोंद झाली. कंपनीने माल परत बोलावला तो साथीच्या अगदी शेवटी.

‘नीट शिजवा, प्रश्न मिटला’ हा आक्षेप आपल्याकडे तर आणखी जोरात येतो, कारण आपण रस्सा रटरटेपर्यंत शिजवतो. मुद्दा अर्धा खरा आहे. भांड्यातल्या तुकड्यांपुरता प्रश्न मिटतो. पण ते तुकडे ज्या पाटावर कापले, त्याच पाटावर दोन मिनिटांनी कांदा-कोथिंबीर कापली जाते. चिकन नळाखाली खळखळून धुताना शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या काकडीवर उडतात. उकळीचा फायदा कोशिंबिरीला मिळत नाही. शिवाय ज्या धोक्याची माहिती कारखान्याला पाच दिवसांत मिळू शकते, तो निस्तरायची सगळी जबाबदारी ज्याच्याकडे ना थर्मामीटर ना सूक्ष्मदर्शक त्याच्यावर टाकणं, ही कामाची वाटणीच उलटी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो संख्याशास्त्रज्ञ घेतात. तपासणीत सगळं सापडत नाही. अमेरिकेत बीफच्या एका लॉटमधून ६० तुकडे घेण्याची पद्धत रूढ आहे. लॉटमधले पाच टक्के तुकडे बाधित असतील तर साठांत एखादा सापडण्याची शक्यता ९५ टक्के. पण एकच टक्का बाधित असेल, तर निम्म्याहून अधिक वेळा साठही तुकडे स्वच्छ निघतात आणि लॉट सुटतो. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हे निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र नव्हे, हे मान्यच करायला हवं. परंतु यातून तपासणी व्यर्थ ठरत नाही. बाधा जास्त असेल तर सापडण्याची शक्यता झपाट्याने वाढते, आणि रोज माल काढणाऱ्या कारखान्याला सतत नशिबावर निभावता येत नाही. वाईट प्रत्येक तुकडा बाजूला काढणं तपासणीला जमत नाही. घाण पद्धतीने काम करणं महाग करणं जमतं. मात्र त्यासाठी सापडल्यावर काहीतरी व्हावं लागतं.

इथे माझ्या युक्तिवादाला एक पोटकलम जोडणं भाग आहे. अमेरिकेत चिकनवरचं साल्मोनेलाचं प्रमाण कमी झालं, तरी दरसाल साडेतेरा लाखांच्या आसपास मानला जाणारा आजाऱ्यांचा अंदाज काही हलला नाही. म्हणजे परिणामाइतकाच प्रश्नही महत्त्वाचा. ‘आहे की नाही’ एवढंच विचारलं, की चिकनवर वारंवार सापडणारा पण तिथल्या माणसांना क्वचित आजारी पाडणारा केंटकी हा प्रकार आणि धोकादायक एन्टरायटिडिस एकाच रकान्यात बसतात. किती जंतू आणि कोणत्या प्रकारचे, हे विचारणारा मसुदा खात्याने ऑगस्ट २०२४मध्ये आणला. एप्रिल २०२५मध्ये तो मागे घेतला गेला.

स्वीडनने हे कोडं दुसऱ्या टोकाकडून सोडवलं. १९५३मध्ये आल्वेस्ता इथल्या कत्तलखान्यातल्या मांसातून साल्मोनेला पसरला. सुमारे नऊ हजार लोक आजारी पडले, नव्वदच्या आसपास मेले. त्यानंतर तिथे जो नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला, त्यात तपासणी कापण्याच्या आधी होते. बुटांवर कापडी मोजे चढवून माणूस पोल्ट्रीच्या शेडमध्ये फिरतो. मोज्यांना लागलेली विष्ठा लॅबमध्ये जाते. पॉझिटिव्ह निघालं तर ती बॅच खाण्यासाठी जात नाही, शेड निर्जंतुक केल्याशिवाय पुढची पिल्लं येत नाहीत. १९९५मध्ये युरोपीय संघात जातानाही स्वीडनने ही शिस्त सोडली नाही. उलट बाहेरून येणारं मांस तपासलेलं असावं, अशी हमी मागून घेतली. तिथलं चिकन महाग पडतं, हेही खरं. पण आजाराचा खर्च दुकानातल्या पाटीवर लिहिलेला नसतो, म्हणून तो नसतोच असं नाही.

महाराष्ट्रासाठी मला हेच टोक कामाचं वाटतं. मांसातल्या जंतूंची मानकं केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) घातली आहेत, नमुने घेण्याचे अधिकार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहेत. पण आपलं बहुतेक चिकन डोळ्यांदेखत कापून घेतलेलं असतं. ‘एकदम ताजं’ म्हणून आपण त्यावर विश्वास टाकतो, आणि साल्मोनेला तर जिवंत कोंबडीच्या आतड्यातूनच येतो. दुकानातला नमुना लॅबमध्ये उबत असतो तेव्हा त्या कोंबडीचा रस्सा केव्हाच संपलेला असतो. थांबवून ठेवायला मालच नाही. तीच कोंबडी शेडमध्ये मात्र पाच-सहा आठवडे असते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मोज्यांचा नमुना घेतला तर निकाल विक्रीच्या आधी येऊ शकतो. अडचण पैशांची आहे आणि ती लॅबच्या फीपेक्षा मोठी आहे. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची आणि शेड व राबणं शेतकऱ्याचं, अशा करारावर इथल्या कितीतरी पोल्ट्र्या चालतात. बाधित बॅचचा तोटा शेतकऱ्याच्या माथी मारला, तर तो नमुना देईलच कशाला? स्वीडनमध्ये भरपाईत सरकारचा वाटा होता. आपल्याकडे पिल्लं आणि खाद्य ज्याचं, तोट्याचा मोठा हिस्साही त्याचाच, असं कलम करारात आधी यायला हवं. लॅबच्या यंत्रांची निविदा त्यानंतर काढली तरी चालेल.