भूक, भुकटी आणि ताट

प्रथिनांच्या भुकटीचे डबे पूर्वी व्यायामशाळांच्या आसपास दिसत. आता ते औषधांच्या दुकानांतून आणि मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांतून सर्रास दिसू लागले आहेत. त्यांचा हेतूही पालटला आहे. वजन उतरविताना जी भूक छळते ती शमविण्यासाठी न्याहरीऐवजी किंवा रात्रीच्या जेवणाऐवजी ‘प्रोटीन शेक’ घेणाऱ्यांचा एक नवाच वर्ग निर्माण झाला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अतिवजनाचे वा स्थूल आहेत. तेव्हा हा प्रकार सुखवस्तूंचा छंद म्हणून हसण्यावारी नेता येणार नाही.

या पेयामागील शास्त्र खोटे नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. प्रथिने पोटात गेली की आतड्यातून तृप्तीचा संदेश देणारी संप्रेरके अधिक स्रवतात आणि भूक चेतविणारे संप्रेरक मंदावते. शिवाय प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के ऊर्जा त्यांच्या पचनातच खर्ची पडते. पिष्टमय पदार्थांत हे प्रमाण ५ ते १० टक्केच असते. कमी खाऊन वजन उतरविणाऱ्याचे स्नायू झिजू नयेत, यासाठीही प्रथिने आवश्यक असतात. चहा-बिस्किटांवर सकाळ काढणाऱ्यास शेक घेतल्यावर अकरा वाजता भूक लागत नाही, यात नवल ते काय?

तथापि प्रथिनांचा गुण आणि पेयाचा गुण या दोन भिन्न गोष्टी आहेत. घन अन्न चावावे लागते, ते जठरात अधिक काळ राहते आणि त्यातील चोथा पोट भरल्याची जाणीव टिकवितो. द्रव पदार्थ घटाघट पिऊन होतो आणि तितक्याच वेगाने पुढे सरकतो. म्हणूनच तेवढीच प्रथिने उसळीतून वा अंड्यांतून घेतली असता बहुधा अधिक समाधान लाभते. त्यातही शेकमध्ये साखर असली, किंवा जेवणाऐवजी न घेता तो जेवणावर घेतला, तर वजन उतरण्याऐवजी वाढावे हे क्रमप्राप्तच होय.

या बाबतीत इतिहासही बोलका आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात निव्वळ द्रवरूप प्रथिनांवर राहण्याची लाट आली. जनावरांच्या कातड्यापासून व स्नायुबंधांपासून काढलेल्या त्या निकृष्ट प्रथिनांवर आठवडेच्या आठवडे राहणाऱ्यांपैकी पन्नासहून अधिक जणांचे मृत्यू नोंदले गेले. अनेकांच्या हृदयाची लय बिघडली होती. आजची पेये तशी नाहीत. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मधुमेहींना तीन ते पाच महिने देखरेखीखाली केवळ संतुलित पेयांवर ठेवले, नंतर क्रमाक्रमाने साध्या अन्नावर आणले. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्क्यांचा मधुमेह ओसरला; दोन वर्षांनी मात्र हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. तात्पर्य, पेय ही कुबडी आहे. चालावयाचे असते ते शेवटी आपल्याच पायांनी.

आपल्याकडे तर ही कुबडीही भक्कम असेल याची शाश्वती नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय बाजारातील ३६ भुकट्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांत प्रथिनांचे प्रमाण वेष्टनावरील दाव्याशी जुळत नव्हते. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अशा भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेस जाऊच नये.

परंतु खरा प्रश्न डब्याचा नसून ताटाचा आहे. याच संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे भारतीयांना ५० ते ७० टक्के ऊर्जा तृणधान्यांतून मिळते. डाळी, मांस व मासळी यांचा एकत्रित वाटा १४ टक्के असावयास हवा, तो ६ ते ९ टक्केच आहे. साठ किलो वजनाच्या माणसास दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण वा उसळ, एक पेला दूध आणि मूठभर फुटाणे यांतून तीस ग्रॅमांच्या घरात प्रथिने मिळतात. उरलेली भाकरी-पोळी भरून काढते. ज्याची भूक भातावर, मैद्यावर आणि साखरेवर पोसली जाते, त्याला ती पुन्हा पुन्हा लागणारच.

ज्यांना डबा परवडतो त्यांची ही कथा. ज्यांना तो परवडत नाही त्यांचे काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधावाटप दुकानातून हक्क दिला तो धान्याचा, डाळीचा नव्हे. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात २०२३ साली अंडे आले आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्यासाठीचा निधी थांबवून तो भार लोकसहभागावर सोपविला. एकीकडे भूक मारण्यासाठी हजारो रुपयांची भुकटी घ्यावयाची आणि दुसरीकडे वाढत्या वयाच्या मुलाच्या अंड्याचा हिशेब करावयाचा, ही विसंगती कोणत्याही समाजास शोभणारी नाही.

शेक घेणाऱ्याने तो अवश्य घ्यावा. मात्र अडचणीच्या वेळेची सोय म्हणून, वेष्टन वाचून आणि मुदत ठरवून. शासनाने मात्र डाळ आणि अंडे यांना सोयीचे नव्हे, हक्काचे स्थान दिले पाहिजे.