भांडण नाही, तरी बिघाड
कॉलेजच्या प्रोजेक्टवर चौघं मिळून कोड लिहिता ना? मग हे माझ्या चुकीतून शिका.

मर्ज करताना गिट तीन प्रती पाहतं: माझी, सहकाऱ्याची आणि दोघांनी जिथून सुरुवात केली ती मूळ प्रत. एखादी ओळ एकानेच बदलली असेल, तर तो बदल मुकाट्याने घेतला जातो. तीच ओळ दोघांनी वेगवेगळी बदलली, की कॉन्फ्लिक्ट! मग दोन्ही रूपं खुणांसकट फाइलमध्ये दिसतात, निवड आपली.

मी एका फंक्शनचं नाव बदललं. त्याच दिवशी सहकाऱ्याने दुसऱ्या फाइलमध्ये ते जुन्याच नावाने वापरलं. ओळी वेगळ्या, म्हणून कॉन्फ्लिक्ट नाही. मर्ज बिनबोभाट झालं, प्रोग्रॅम मात्र बंद पडला.

गिटला ओळी कळतात, अर्थ नाही. आता मर्जनंतर टेस्ट चालवल्याशिवाय मी लॅपटॉप मिटत नाही. आणि नाव बदलण्याआधी सहकाऱ्याला सांगतो.