मेल्यावर हार नको, जित्यापणी दार वाजवा



आपल्या शाखेच्या भिंतीवर फोटो आहेत. वरच्या ओळीत बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीमाई. खालची ओळ पोरांची. रोहित वेमुला, १७ जानेवारी २०१६, हैदराबाद. डॉ. पायल तडवी, २२ मे २०१९, मुंबई. दर्शन सोळंकी, १२ फेब्रुवारी २०२३, पवई. दरवर्षी तारखेला आपण हार घालतो, मेणबत्त्या लावतो, घोषणा देतो. मीही दिल्या. घसा बसेपर्यंत दिल्या. आणि घोषणा देताना माझ्या डोक्यात एकच चालू असायचं, की या ओळीत अजून एका फोटोची जागा आहे.

अडीच वर्षं हे चालू होतं. कोणाला सांगितलं नाही. आज लिहितो आहे, कारण ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही हे मला आता कळलंय.

पहिलं म्हणजे, याला दुःख म्हणू नका. दुःख मला माहीत आहे. बाप गेला तेव्हा मी रडलो, जेवलो, पुन्हा रडलो, तेराव्या दिवशी कामावर गेलो. दुःखात माणूस जिवंत असतो. हे वेगळं होतं. रात्री तीनला डोळे उघडायचे आणि सकाळपर्यंत छताच्या पत्र्याकडं बघत पडायचं. पाळीला जायचं म्हणून जायचो. डबा तसाच परत यायचा. आय विचारायची, भाजी खारट झाली का? भाजी खारट नव्हती, मला चवच नव्हती. कविता सुचायची बंद झाली. वही उघडली की वाटायचं, हे कोणाचं अक्षर आहे? गोणी पाठीवर घेतली तर ती थप्पीवर टाकता येते, हुक काढून पाठ मोकळी करता येते. ही गोणी कुठं टाकायची तेच कळत नव्हतं.

एका बैठकीत विषय निघाला. माझा नाही, दुसऱ्याच एका पोराचा, जो महिनाभर आला नव्हता. आपलाच एक भाषणबहाद्दर कार्यकर्ता म्हणाला, डिप्रेशन हा एअरकंडिशनमध्ये बसणाऱ्यांचा आजार आहे, आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढली, त्यांना कुठं डिप्रेशन आलं? सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

त्या भाषणबहाद्दराला माझा सवाल आहे. बापजाद्यांना आलं नव्हतं हे तुला कोणी सांगितलं? कोणी विचारलं होतं त्यांना? वस्तीत जो म्हातारा दारूत बुडून गेला, जी बाई चार वर्षं कोणाशी बोलली नाही, ज्याला सगळे 'येडा' म्हणून दगड मारायचे, त्यांची केस कोणी लिहून ठेवली होती? आपल्याकडं आजाराला नाव नव्हतं. आजार होताच.

आकडे बघा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय सर्व्हे केला. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. साधारण २० माणसांत एकाला नैराश्याचा आजार, असं त्यात निघालं. सर्वांत कमी कमाईच्या थरात मनाचे आजार जास्त निघाले. आणि नैराश्याच्या १०० रोग्यांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हता. २०२० साली आशिष गुप्ता आणि डायान कॉफी या दोन अभ्यासकांनी जातीचा हिशेब मांडला. शिक्षण आणि मालमत्ता सारखी धरली तरी दलितांचं आणि मुसलमानांचं मानसिक आरोग्य सवर्ण हिंदूंपेक्षा वाईटच दिसलं. म्हणजे पैसा आला तरी जात मनावर बसून राहते. तेव्हा हा एअरकंडिशनमधला आजार आहे हे बोलणं बंद करा. एअरकंडिशनमधल्याला हा आजार होतो तेव्हा त्याला डॉक्टर मिळतो, आपल्याला टोमणा मिळतो, एवढाच फरक आहे.

माझ्या आजाराचं मूळ कुठं आहे? मी मॅट्रिक झालेला माणूस, डॉक्टर नाही, पण काही गोष्टी मला दिसतात. माझा आजा गोदीत होता. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराची नोंद झाली, बोर्ड आलं, काम नसलेल्या दिवशीही हाजरीचे पैसे मिळू लागले. १९९४ साली मुंबईचं ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. कंटेनर आले, टोळ्या गेल्या. मी त्याच धंद्यात आहे, पण कंत्राटावर. सकाळी नाव पुकारलं तर काम, नाहीतर घरी. वर मुकादम, तो जातीवरून बोलतो आणि हसतो, आणि आपणही हसावं अशी त्याची अपेक्षा असते. उद्याचा भरवसा नाही आणि आजची इज्जत नाही. असं वर्षानुवर्षं चाललं तर डोकं शाबूत कसं राहील?

पण इथंच मी एक चूक केली, आणि तुमच्यातले पुष्कळजण ती करत असतील. मी म्हणायचो, व्यवस्था बदलली की माझं दुखणं जाईल, तोवर औषध घेणं म्हणजे व्यवस्थेशी तडजोड. च्यायला, काय ऐटीत म्हणायचो! अरे, टीबीसुद्धा कोंदट खोलीतून आणि अर्ध्या पोटातून वाढतो. म्हणून क्रांती होईपर्यंत टीबीच्या गोळ्या नको म्हणतो का आपण? घरासाठी मोर्चाही काढायचा आणि गोळ्याही घ्यायच्या. मनाच्या आजाराला हाच न्याय का नाही?

आता आयची गोष्ट. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. त्याच घरातून आयनं मला गपचूप एका देवऋष्याकडं नेलं. त्यानं लिंबू उतरवलं आणि पैसे घेतले. मी आयवर ओरडलो नाही. तिला रात्री माझ्या खोकण्याचा नाही, जागं असण्याचा आवाज ऐकू यायचा. विहारात कोणाला विचारावं तर लोक काय म्हणतील? देवऋषी निदान विचारतो तरी, काय होतंय लेकराला? आपल्या चळवळीतलं कोणी हे विचारायला आलं नव्हतं. अंधश्रद्धेविरुद्ध भाषण देण्याआधी ही जागा रिकामी कोणी ठेवली ते तपासा.

शेवटी विचारलं ते आमच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्या कामगारानं. आम्ही त्यांना काका म्हणतो. सही अंगठ्याची. त्यांनी उपदेश केला नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसायचे. सात-आठ दिवस नुसते बसले. मग एक दिवस म्हणाले, "झोप लागत न्हाई ना रे तुला?" मी म्हटलं, नाही काका. ते म्हणाले, "मलाबी लागत नव्हती. संप मोडला तवा. दोन वरसं." एवढंच. मग विचारलं, "जीव नको झालाय का?" सरळ विचारलं. मी हो म्हटलं. आभाळ कोसळलं नाही. उलट अडीच वर्षांत पहिल्यांदा श्वास नीट आत गेला. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार घुसतो ही भीती खोटी आहे. विचारल्यानं माणूस बोलतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःची पाळी बुडवली आणि मला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. केसपेपर, लाईन, बाकडं. चार तासांनी नंबर. पहिल्या डॉक्टरनं आडनाव ऐकून पेन थांबवलं आणि कुठले म्हणून विचारलं. मी उठून चाललो होतो, काकांनी दंड धरून बसवलं. पुढच्या खेपेला एक शिकाऊ डॉक्टरीण भेटली. तिनं थायरॉईडचं रक्त तपासायला लावलं, कारण ते बिघडलं तरी माणूस असाच होतो. दारू किती, विचारलं. मी म्हटलं, झोपेसाठी घेतो. ती म्हणाली, दारूनं झोप मोडते आणि उदासी वाढते, औषधाचंही वाटोळं होतं. मग गोळी दिली.

गोळीबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो. ती नशेची गोळी नव्हे, डोकं बधिर करत नाही. लगेच गुणही देत नाही. पहिल्या आठवड्यात मला मळमळलं. फरक कळायला तीन-चार आठवडे लागले. दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून मी मनानंच बंद केली आणि पुन्हा खड्ड्यात गेलो. बरं वाटल्यावरही सहा महिने किंवा जास्त घ्यावी लागते, आणि थांबवायची तर डॉक्टरला विचारून हळूहळू. एक गोळी लागू पडली नाही तर दुसरी असते. सगळ्यांना गोळी लागतेच असंही नाही. काहीजण नुसत्या बोलण्याच्या उपचारानं सुधारतात.

त्या बोलण्याच्या उपचाराला मी गेलो तेव्हा समुपदेशक बाई म्हणाल्या, नकारात्मक विचार सोडून द्या. मी विचारलं, मॅडम, मुकादम मला जातीवरून बोलतो, हा विचार आहे की घटना? त्या गप्प झाल्या. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या वेळी त्यांनी वही उघडून विचारलं, त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगा. त्या दिवसापासून उपचार सुरू झाला असं मी धरतो. तेव्हा आपल्या माणसांना सांगा, डॉक्टरसमोर जात लपवू नका. जखम कुठली ते सांगितल्याशिवाय पट्टी कुठं बांधणार?

आणि हक्क माहीत करून घ्या. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे, भीक नाही. त्यात जातीवरून भेदभाव करायचा नाही असं कायद्यात जात हा शब्द घालून लिहिलंय. ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरतो, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर टाकतो. जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ ला इंडियन पिनल कोडबरोबर गेलं. तेव्हा पोलिसांच्या भीतीनं कोणाला घरात कोंडून ठेवू नका, दवाखान्यात न्या. रात्री-बेरात्री १४४१६ हा सरकारी फोन आहे, टेली मानस. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

आता चळवळीकडं येतो.

झिंबाब्वेच्या हरारे शहरात डिक्सन चिबांडा या डॉक्टरनं २००६ साली एक साधी गोष्ट सुरू केली. देशात मनाचे डॉक्टर बोटावर मोजण्याइतके. म्हणून त्यानं वस्तीतल्या म्हाताऱ्या आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर लाकडी बाकावर बसवलं. येईल त्याचं ऐकायचं, एक अडचण निवडायची, ती सोडवायला मदत करायची. त्यांच्या शोना भाषेत या आजाराला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्या आयाही हेच म्हणतात ना, पोरगं लई विचार करतंय? २०१६ साली त्याची शास्त्रशुद्ध तपासणी छापून आली, आज्यांच्या बाकाचा गुण सिद्ध झाला. आपल्या शेजारी गोव्यात संगत या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून नैराश्याच्या रोग्यांशी सहा ते आठ बैठकी केल्या. २०१७ साली निकाल आला. बैठकी मिळालेल्यांत १०० पैकी ६४ जण आजारातून बाहेर आले, न मिळालेल्यांत ३९.

काळे आफ्रिकन लोक हे करू शकतात, गोवेकर करू शकतात, तर आपण का नाही? बाक आपल्याकडं आहे. विहाराचा कट्टा आहे. आज्या आहेत, काका आहेत. बुद्धानं आनंदाला सांगितलं होतं की कल्याणमित्र म्हणजे अर्धा धम्म नव्हे, सगळा धम्म. आपण कल्याणमित्र हा शब्द वंदनेपुरता ठेवला.

माझी मागणी अशी. प्रत्येक शाखेत दोन माणसं ठरवा, एक बाई, एक पुरुष, ज्यांनी ऐकायचं आणि शिकून घ्यायचं. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, बोलला तर पद गेलं. कोणी दोन बैठकांना आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचं. गद्दार म्हणायला नाही, चहा प्यायला. पहिल्या खेपेला दवाखान्यात सोबत जायचं आणि त्याची बुडालेली पाळी शाखेच्या वर्गणीतून भरायची. हाराफुलांचा खर्च आपण करतोच, त्यातूनच काढा. आणि पुढच्या वेळी बैठकीत कोणी असल्या आजारावर हसला तर तिथंच त्याला थांबवा. मी थांबवलं नव्हतं. महिनाभर न आलेलं ते पोरगं आता कुठं आहे मला माहीत नाही. मी त्याच्या घरी गेलो होतो, खोलीला कुलूप होतं. उशिरा गेलो.

मी बरा झालोय असं म्हणत नाही. काही दिवस अजूनही तीनला डोळे उघडतात. पण डबा संपतो. मुकादमाला परवा तोंडावर सांगितलं, पुन्हा बोललास तर ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा आहे आणि मला वाचता येतं. काका मागं उभे होते. वहीत चार ओळी आल्यात, बऱ्या नाहीत, पण अक्षर माझं आहे.

भिंतीवर फोटो पुरे झाले. आता दार वाजवायला शिका.

जयभीम.